उंचीची पट्टी आणि कडेवरचं बाळ



परीक्षा संपायच्या आधीच सहलींचे मेसेज फिरायला लागले आहेत. या वर्षी मंडळाच्या दोन आणि नातेवाइकांच्या एका ग्रुपवर मी जवळजवळ सारखाच मेसेज तीनदा वाचला. रात्री बस निघणार, सकाळी पोहोचणार, दिवसभर थीम पार्क, रात्री परत. आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ: "लहान बाळांना तिकीट नाही, अवश्य आणा!"

या 'अवश्य आणा'शी मला भांडायचं आहे.

थीम पार्कशी माझं भांडण नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी जावं, घसा बसेपर्यंत ओरडावं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. मुंबईत माहेर असलेल्या माझ्या मैत्रिणी तिथल्या शाळेच्या सहलींबद्दल अजून बोलतात. पुढे २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका झालं आणि आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनाही एका रात्रीच्या प्रवासात ही मौज मिळू लागली. मोठ्यांनी जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी बोलते आहे ती तीन वर्षांच्या आतल्या मुलांबद्दल. त्यांना तिथे नेऊ नये. 'जरा जपून न्यावं' असंही मी म्हणणार नाही. नेऊच नये.

आधी त्या 'तिकीट नाही'कडे बघू. बाजारात कुणी काही फुकट देऊ लागलं की आपल्या आज्या ती वस्तू आधी उलटीपालटी करून बघायच्या. या पार्कांमध्ये तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नसतं, उंचीवर असतं. दारातच पट्टी रंगवलेली असते. त्या पट्टीला डोकं लागलं नाही तर पैसे नाहीत, कारण आत त्या मुलासाठी विकण्यासारखं फारसं काही नाहीच. पुढे प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी पुन्हा एक पट्टी असते: इतक्या उंचीखालच्यांना प्रवेश नाही. त्यामागे कारण आहे. बसायची खुर्ची, छातीवर येणारा दांडा, पट्टा हे सगळं एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी केलेलं असतं. त्याहून लहान शरीर त्यातून निसटू शकतं, आणि लहान मुलाची मान तो झटका पेलू शकत नाही. म्हणजे पार्कवाल्याने दारातच लिहून सांगितलेलं आहे की ही जागा या मुलासाठी नाही. तो आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. आपणच ती पाटी 'पैसे वाचले' अशी वाचतो.

मग बाळाला आत काय मिळतं? गोल फिरणारे घोडे, एखादी छोटी आगगाडी, आईच्या मांडीवर बसून चालेल असे दोन-चार प्रकार. सुट्टीच्या दिवसांत त्यालाही रांग. पाऊण तास उन्हात थांबून तीन मिनिटांचा घोडा. हाच घोडा आपल्या गावच्या जत्रेत दहा मिनिटांच्या वाटेवर असतो, आणि तिथून रडू लागलं की घरी आणता येतं.

आता त्या दिवसाचा हिशेब बाळाच्या बाजूने मांडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते असं सांगितलं आहे, आणि एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. आपल्या आयांना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. 'झोपलंय, भांडी वाजवू नका' म्हणून त्या अख्खं घर चवड्यावर चालवायच्या. त्याच सूचनांमध्ये आणखी एक ओळ आहे जी मला फार महत्त्वाची वाटते: मुलाला एका वेळी एक तासापेक्षा जास्त वेळ बाबागाडीत, खुर्चीत किंवा पाठीला बांधून ठेवू नये. बसमधले सहा-सात तास, मग पार्कमधले आठ तास गाडीत नाहीतर कडेवर, मग परत बस. झोप होते ती तुकड्या-तुकड्यांत, कर्ण्यांच्या आवाजात, मान लोंबकळत.

आणि हे कधी? मे महिन्यात. लहान बाळाच्या अंगाची कातडी त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे बाहेरची उष्णता ते आपल्यापेक्षा लवकर ओढून घेतं. घामही आपल्याइतका येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं, म्हणजे उन्हात त्याला पुन्हा पुन्हा अंगावर घ्यावं लागणार. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर जाड पंचा टाकणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. आत वारा खेळत नाही आणि गाडीची भट्टी होते. बाळ गप्प पडलं की आपण म्हणतो, किती शहाणं आहे गं, त्रासच देत नाही. ते शहाणं झालेलं नसतं, गळून गेलेलं असतं. लंगोट बराच वेळ कोरडा राहिला तर समजून जायचं.

पाण्याच्या पार्कबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. शेकडो माणसं उतरलेल्या त्या पाण्यात आपण वर्षाच्या लेकराला बुचकळतो. 'क्लोरीन असतं हो' हे उत्तर तयार असतं. क्लोरीनने सगळं लगेच मरत नाही. जुलाबाचा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतो, आणि लहान मुलं अशा पाण्याचे घोट घेतातच, त्यांना तोंड मिटायचं कळत नाही. घरी आपण घागरीवर दुहेरी फडकं बांधून पाणी गाळतो, जिवाणी जपून परत सोडतो, बाळाचं पाणी वेगळं उकळतो. आणि त्याच बाळाला तिथे...

बरेच शहाणे लोक इथे वेगळा मुद्दा काढतात. म्हणतात, एवढ्या लहान मुलाला काही आठवणार नाही, मग पैसे कशाला घालवायचे? निकाल माझ्या बाजूचा असला तरी हा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. तीन वर्षांच्या आधीचं आपल्यालाही आठवत नाही, हे खरं. पण आठवत नाही म्हणून झालं नाही असं थोडंच असतं? बाळाला आजीच्या मांडीवरचं अंगाईगीत आठवणार नाही, तरी आपण गातोच. कारण त्या क्षणी त्याला सुख होतं. मग उन्हात, भुकेने, झोपेवाचून त्या क्षणी त्याला जे होतं तेही खरंच आहे. आपण जैन बाया, मुंगी चिरडली तर तिला आठवेल का असं कधी विचारत नाही. तिला वेदना झाली एवढं आपल्याला पुरतं. इथे तर पाचही इंद्रियं असलेला, आपल्याच पोटचा जीव आहे, आणि त्याची असाता आपण 'त्याला कुठे कळतंय' म्हणून उडवून लावतो.

घाबरण्याचंही तसंच. दोन वर्षांच्या मुलासमोर सात फुटी कार्टूनचं सोंग येतं, डोकं बाबागाडीएवढं, डोळे न मिटणारे. मूल आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. आणि आपण काय करतो? त्याला खांद्यावरून सोडवतो, त्या सोंगाच्या हातात देतो आणि समोरून ओरडतो, "हस ना रे! इकडे बघ!" फोटो निघतो. रडका निघाला तर पुन्हा काढतात. संध्याकाळी तो स्टेटसला लागतो, खाली 'बाळाची पहिली पिकनिक'. पिकनिक नक्की कुणाची होती ते फोटोतल्या त्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, पण स्टेटस बघणारी चेहरा कुठे बघते? तिला मागचा किल्ला दिसतो.

आता त्या बाईबद्दल, जिच्याबद्दल या मेसेजमध्ये एक शब्दही नसतो.

कोणत्याही पार्कमध्ये कोणत्याही मोठ्या पाळण्याच्या बाहेर जाऊन बघा. बाकावर एक तरुण बाई बसलेली असते. मांडीवर बाळ, दोन्ही बाजूंना सगळ्यांच्या पिशव्या, चपला, चष्मे, मोबाइल. दीर, नणंदा, नवरा, भाचरं आत गेलेली. बाहेर आले की सगळे तिला सांगतात काय मजा आली, आणि पुढच्या रांगेकडे पळतात. ती उठते, पिशव्या गोळा करते, पुढच्या बाकावर जाऊन बसते. दूध पाजायला आडोसा शोधते. काही पार्कांमध्ये त्यासाठी खोली असते, पण ती असते एका टोकाला आणि ती असते दुसऱ्या. लंगोट बदलायला ओल्या फरशीच्या बाथरूममध्ये जाते. तिचं मात्र पूर्ण तिकीट काढलेलं असतं! दिवसभरात एकही पाळणा न बसता. आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, "तुलाही बाहेर पडायला मिळालं, बरं झालं."

मला ठाऊक आहे तुमच्यातल्या कितीतरी जणी आता काय म्हणणार. "काकू, बाळाला न्यायचं नाही म्हटलं तर आम्हीही घरीच बसणार. वर्ष झालं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. बाकावर तर बाकावर, निदान चार माणसांत असतो." हे मी हसून सोडून देणार नाही, कारण ते खरं आहे. सहलीतून बाळ वगळलं की आई आपोआप वगळली जाते, आणि तिला कुणी विचारतसुद्धा नाही. पण मग प्रश्न असा आहे की बाळ फक्त आईचंच का? तिघी जावा आहेत, नवरा आहे, सासरे आहेत. नवऱ्याने एक दिवस घरी थांबून बाळ सांभाळावं आणि तिने जावं, हा पर्याय आपल्या तोंडातून निघत का नाही? भावजय-नणंद जाते आणि भाऊ घरी राहतो, असं म्हटलं की लोकांना विनोद वाटतो. मला वाटत नाही. तिला बाहेर काढायचं असेल तर मोकळ्या हातांनी काढा. बाळासकट बाकावर नेऊन बसवणं याला मी बाहेर काढणं म्हणत नाही.

धर्माकडून बघितलं तर आपल्याकडे यासाठी शब्द आहे. तीन गुणव्रतांमधलं अनर्थदंडविरती तुम्हाला पाठशाळेत शिकवलेलं असेल. काही प्रयोजन नसताना केलेली हिंसा, ती टाळायची. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तिचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या: उगाच हिंडणं, उगाच पाणी उधळणं, वारा-अग्नीचा, झाडापानांचा कारणाशिवाय वापर. लगेच कुणी विचारेल, मग मोठ्यांचं जाणं तरी प्रमादचर्या नाही का? असेल. ज्याने व्रत घेतलं आहे त्याने त्याचा विचार करावा, मी कुणाच्या व्रतात डोकावणार नाही. पण कृत, कारित, अनुमोदना हे तीन आपण रोज आलोचनेत म्हणतो. मोठा माणूस जातो ते त्याचं कृत. बाळ स्वतः जात नाही, त्याला नेलं जातं. ते सगळं आपलं कारित आहे. त्याची झोप मोडली ती आपण, त्याला अंधारात खायला लावलं ते आपण.

हो, खाण्याचं राहिलंच. बहुतेक पार्कांत बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं नेता येतं, पण दारात पिशवी उघडून दाखवावी लागते. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) माझ्या समोर एका आजींच्या पिशवीतून दशम्यांचा डबा काढून ठेवला, आणि मेतकूट-भाताच्या डब्यावर वाद घातला की हे बाळाचं कशावरून. आत जे मिळतं त्यात कांदा, लसूण, बटाटा. दूध पिणाऱ्या आईने दिवसभर काय खायचं? ती वेफर्सही खाऊ शकत नाही, तेही बटाट्याचेच. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या आसपास. पार्कची खरी शोभा दिवे लागल्यावर, म्हणून कुणी निघत नाही. बस साडेआठला हलते आणि नऊला धाब्यावर थांबते. ज्या घरांत दोन वर्षांच्या मुलालाही दिवस मावळायच्या आत जेवू घालायची रीत आहे, तिथलीच मुलं रात्री नऊला धाब्यावर पेंगत पनीर खातात. एका दिवसाने काय होतं, म्हणतात. मुलाची सवय एका दिवसाने मोडत नाही, हे मलाही मान्य. पण 'मौज असेल तर चालतं' हे मोठ्या भावंडांच्या बरोबर लक्षात राहतं.

यावर हमखास येणारा टोला: "आम्ही तान्ही मुलं घेऊन शिखरजीला गेलो, बाहुबलीला गेलो, तेव्हा कुणी बोललं नाही." बरोबर आहे. आणि मी तिथेही बोलणार. सम्मेदशिखरजीची वंदना म्हणजे नऊ किलोमीटर चढ, नऊ टोंकांवरची, नऊ उतार. पहाटे दोनला सहा महिन्यांचं बाळ डोलीत घालून थंडीत नेण्यात बाळाचं कसलं पुण्य? त्याने खाली धर्मशाळेत आजीजवळ झोपावं, आई-वडिलांनी आळीपाळीने दोन दिवस वंदना करावी. तरीही यात्रा आणि पार्क यांत एक फरक आहेच. यात्रेत दिवस बाळाप्रमाणे वाकतो. मूल रडलं तर खोलीवर परतता येतं, भोजनालयात साधा वरण-भात मिळतो, उद्या पुन्हा जाता येतं. पार्कमध्ये माणशी तिकीट काढलेलं असतं, आणि ते वसूल करायचं असतं, त्यामुळे मूल कितीही रडलं तरी कुणी दुपारी दोनला बाहेर पडत नाही. त्यात बस मंडळाची, ती रात्रीशिवाय हलणार नाही.

मला या सगळ्यात राग येतो तो एका विसंगतीचा. बाळाला पहिल्यांदा बस्तीत नेतो तेव्हा आपण किती विचार करतो! दूध पाजून, झोप झाल्यावर, गर्दी नसताना, सकाळच्या उन्हात. कानात णमोकार हळू आवाजात सांगतो, घंटा जोरात वाजवू नका म्हणून पोरांना दटावतो. दहा मिनिटांत घरी. देवाच्या दारात ज्याचे कान इतके जपले, त्याला पाच-सहा महिन्यांनी कर्ण्यांच्या भिंतीसमोर नेऊन उभं करायचं, हे कोणत्या हिशेबात बसतं ते मला कुणीतरी सांगा.

तर आमच्या मंडळात मी असं मांडलं आहे. मेसेजमधली ती ओळ काढा. तीन वर्षांखालच्यांसाठी त्याच दिवशी गावातच सोय करू: बस्तीच्या मागच्या सभागृहात सतरंज्या, दोन पाळणे, सावली, शांतता. सहा महिन्यांच्या आतली, फक्त अंगावर पिणारी बाळं असतील तर त्या आयांसाठी सहलीचा वेगळा दिवस धरा, कुंभोज बाहुबलीसारखं जवळचं ठिकाण, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणापर्यंत परत. बाकी आयांनी बिनधास्त पार्कला जावं आणि सगळ्यात उंच पाळण्यात बसावं. दोघींनी कुरकुर केली, एका सासूबाईंनी 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हटलं, पण पाच नावं आली आहेत. त्यांतली दोन वडिलांची आहेत, ते थांबणार आहेत म्हणाले. बघू.

सांभाळायच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. येणाऱ्या आयांना एवढंच सांगणं: काढून ठेवलेलं दूध असेल तर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, नाव आणि वेळ लिहून आणा, मी थेट फ्रीजमध्ये ठेवीन. दोन जोड सुती कपडे, स्वतःची वाटी-चमचा, आणि ज्या चिंधीशिवाय किंवा बाहुलीशिवाय ते झोपत नाही ती. पाणी मी गाळून, उकळून ठेवते. संध्याकाळचा मऊ भात साडेपाचला होईल.